नदीने काढून दिलेला ओटा

प्रिय शेवंता,

तू देवाघरी गेल्यापासून तुला लिहायचं मनात होतं, सुचत मात्र नव्हतं. आज लिहितोय. परवा दुपारी जमीन हलली गं! फार नाही, मांडणीतली भांडी वाजली, झालं. पण काल पूल तपासायला एक इंजिनियर बाई आल्या, आणि त्या जे बोलल्या ते तुला सांगायलाच हवं.

पुलाच्या मधल्या खांबाखालचा ओटा आठवतो ना? तू लग्न होऊन आलीस तेव्हा तिथे नुसती वाळू होती. मग दर पावसाळ्यानंतर ओटा थोडाथोडा वर येत गेला. तुम्ही बायका केवढ्या खूश! "नदीनं आमाला धुणं धुवायला ओटा काढून दिला गं!" तूच म्हणाली होतीस.

शेवंता, तो ओटा नाहीच. तो पुलाचा पाया आहे!

"आजोबा, तो वर नाही आला. नदीचा तळ खाली गेला," बाई म्हणाल्या. मला कळेना. तेव्हा त्यांनी विचारलं, "मांडवाची मेढ कशी पुरता?"

"खड्ड्यात. माती ठोकून."

"ती माती उकरली आणि म्हैस अंग घासून गेली, तर?"

"मेढ आडवीच की!" मी म्हटलं. म्हैस म्हणजे भूकंप. तोही मोठाच हवा असं नाही म्हणे. खांबाला धरणारी मातीच पुराने नेलीय. आता तिथे दगड भरायला हवेत, म्हणाल्या.

जन्मभर मी गॅसला भ्यालो, विजेला भ्यालो. "तुमी सावलीला पन भ्याल," म्हणून तू हसायचीस. मग याचीच भीती मला कशी वाटली नाही? तू रोज तिथे बसायचीस गं! एकदा तरी "ह्ये वर कसं आलं वो?" म्हणून विचारायचंस ना!

आपला महेश त्याच पुलावरून मोटरसायकलने मोहोपाड्याला कामाला जातो. सांगितलं तर हसला. "बाबा, पडायचा असता तर परवाच पडला नसता का?" हे कुठलं शहाणपण?

गाडीची चावी माझ्या बंडीत आहे. "पुलावरनं नको, चौक गावाकडनं फिरून टेंपोनं जा," म्हटलं. चिडलाय. सूनबाईही बोलत नाही.

तुला वचन देतो, पुलाच्या पायाभोवती दगड भरून होईपर्यंत चावी देणार नाही. आणि ज्या ग्रामसभेत कधी तोंड उघडलं नाही, तिथे उभा राहून बोलेन. भीती वाटेल. वाटू दे.

तुझाच भित्रा,
काशिनाथ