लाल चतुराचा फोटो

८ सप्टेंबर

चि. टिकटिक्यास अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर तू बरं बरं म्हणत दोन मिनिटांत सुटतोस, म्हणून हे पत्र. हे मध्येच ठेवून देता येत नाही, बघ.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून रविवारच्या निसर्गफेरीत नाव घातलं. सगळी तरुण पोरं, आणि त्यांच्यात गुडघे धरून चालणारी मी एकटी. पण हे गेल्यापासून रविवार नुसता अंगावर येतो, त्यापेक्षा गुडघे परवडले. लहानपणी तू चतुरांच्या नादात शेवाळात घसरायचास, तेव्हा मी तुला वेडा म्हणायचे. आता मीच कॅमेरा घेऊन तळ्याकाठी चिखलात फतकल मारून बसले होते. पंख पसरून बसतो तो चतुर, मिटून बसते ती टाचणी, एवढं तुझ्यामुळे पाठ आहे. पुढचं तू सांग.

फोटो सोबत घातलाय. लालभडक आहे, पंखांच्या मुळाशी पिवळसर डाग, काडीच्या टोकावर बसला होता. नर की मादी? फेरीच्या प्रमुखबाई सांगायला निघाल्या होत्या, पण मी त्यांना थांबवलं. म्हटलं, माझा भाऊ सांगेल.

आणि दुकान एवढ्यात का बंद केलंस? दिवसभर करतोस तरी काय?

लोभ आहेच, तो जरा सविस्तर पत्रातून दिसू दे.

तुझी ताई

१७ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, फोटोही पोचला. वा! काय फोटो काढलायस! पंखांची शीर न् शीर मोजून घ्यावी. एवढा लाल म्हणजे नरच. मादी पिवळट असते. नवखे लोक तिला वेगळीच जात समजून बसतात, तू फसू नकोस. शेपूट कसं उभं धरलंय बघ, उन्हात अंग तापू नये म्हणून करतात ते तसं. पुढच्या वेळी बाजूने काढ.

दुकानाचं म्हणशील, तर हल्ली सगळे मोबाइलमध्ये वेळ बघतात. घड्याळजीकडे कोण येतंय? मी मजेत आहे. रेडिओ आहे, खुर्ची आहे. तू मात्र अक्षर मोठं काढत जा, मुंग्या सोडल्यासारखं लिहितेस. माझ्या ओळी एकमेकींवर चढल्या असतील, पेन अगदीच भिकार आहे.

लोभ वाढवावा आणि फोटो पाठवत राहावं.

तुझा धाकटा

२४ सप्टेंबर

चि. टिकटिक्यास अनेक आशीर्वाद वि. वि.

घे, मोठ्या अक्षरात लिहितेय.

काल खण आवरताना लाल चतुराचा फोटो सापडला. म्हणजे तो इथेच राहिला होता! मग तुला गेलं काय, म्हणून सगळे फोटो धुंडाळले. तर तळ्याकाठी फेरीतल्या एका मुलीने माझा काढलेला फोटो नाहीसा. टोपी घालून दात काढून हसतेय तो. आधी मला हसूच फुटलं. माझ्या पंखांच्या शिरा मोजल्यास, मला नर ठरवलंस, वर माझं शेपूट उभं केलंस! हसता हसता एकदम लक्षात आलं रे. तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं, ओळी खरंच एकमेकींवर चढल्यात.

टिकटिक्या, तुला दिसत नाही का रे? कधीपासून? दुकान त्यासाठीच बंद केलंस ना? आणि मला मोबाइलच्या थापा मारतोस! तुला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून बसले होते, पण रडूच यायला लागलं.

सामान बांध आणि माझ्याकडे ये. मागची खोली रिकामीच आहे. मलाही एकटीसाठी गॅस पेटवायचा कंटाळा येतो. लोभ असेल तर वाद घालू नकोस.

तुझी ताई

३ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. डोळ्यांपुढे मधोमध धुकं असतं, कडेकडेने थोडं दिसतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही. तुझं पत्र भिंगाखाली एकेक शब्द धरून वाचतो. फोटो मात्र भिंगाखालीही नुसता डाग. तू वर्णन लिहिलं होतंस, त्यावरून दिलं ठोकून. खरं सांगितलं असतं, तर तू फोटो पाठवायचं थांबवलं असतंस, आणि फोटो नाही तर पत्र तरी कशाला आलं असतं? मला दुसऱ्या कुणाचं पत्र येत नाही गं ताई.

तुझ्याकडे मी येणार नाही. रागावू नकोस. इथे चहाचा डबा, दाराची कडी, जिन्याचं वळण, सगळं हातापायांना पाठ आहे. या घरात मी नुसता म्हातारा आहे. तुझ्याकडे आलो की आंधळा होईन.

तूच ये. हे लिहायला जड जातंय, पण ये. माझी एकही वस्तू जागची हलवायची नाही, एवढी अट आहे. आणि दारात आलीस की गप्प उभी राहू नकोस, आधी बोल. तू समोर हसत उभी असशील आणि मी विचारेन, कोण पाहिजे म्हणून. ते मात्र मला सोसणार नाही.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा धाकटा