नववीच्या पोरींचा घास

मंठा

ती. आईस,

रेणूचा नमस्कार. मी इथं बराबर आहे. खोली चांगली आहे, जेवणाचीही काळजी करू नको.

शाळेत मुलींची सुखदुःखं ऐकायचं काम माझ्याकडं आहे. नववीतली निकिता आई वारल्यापासून डबाच उघडत न्हाई. तिला समजवायला मी प्रशिक्षणातलं सगळं पाठ करून गेल्ते.

पण काल मधल्या सुट्टीत वर्गातल्या पोरी गुपचूप तिच्याभोवती बसल्या. मयताच्या घरी शेजारपाजारचे कडू घास भरवतात ना, तसं एकेकीनं आपल्या भाकरीचा तुकडा तिच्या तोंडाशी धरला. ती रडत रडत जेवली. एवढ्याशा लेकरांना हे कुणी शिकवलं असंल गं?

मंग निकितानं माझ्यापुढं घास धरला. म्हणली, "मॅडम, तुमचे पण वडील गेलेत ना? तुम्ही पण डबा तसाच परत नेता."

मी खाल्ला, आई. बाबा गेल्यावर पहिल्यांदा पोटभर जेवले.

तू कुणासंगं जेवतीस? हे वाचलं की ताट घेऊन शेजारी पुष्पाकाकूकडं जा. तिला म्हणावं, पहिला घास रेणूच्या नावानं भरव.

तुझीच,
रेणू