सिद्धेशच्या बदल्यात दोन पिक

मी, शैलजा कृष्णा वझलवार, वय वर्षे चौसष्ट, मूळची नागपूरची, १९९४ पासून राहणार शुगर लँड, टेक्सास, पाइपलाइन इंजिनिअर म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा प्रयत्न आमच्या घरात दोनतीनदा झाला होता, पण कोणाला जमले नाही. माझ्या वकील मोना यांनी याची इंग्रजी प्रत केली आहे. दोहोंत फरक आढळला तर कोर्टाने इंग्रजी प्रत धरावी. घरच्यांनी मात्र ही वाचावी.

कलम १. मे २०२३ मध्ये केलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करते. ते रागात लिहिले होते. त्यात माझ्या एकुलत्या एका मुलाचे, सिद्धेशचे नाव एकदाच आले होते, तेही 'यास काही देऊ नये' या वाक्यात. मधल्या अडीच वर्षांत मी मेले नाही, हे फार बरे झाले.

कलम २. शुगर लँडचे राहते घर, त्यातील सामानासह, सिद्धेश आणि त्याची पत्नी हिमानी यांना समान हक्काने द्यावे. ठेवी आणि निवृत्तीचे पैसेही त्या दोघांनाच. या मृत्युपत्राची अंमलबजावणी हिमानीने करावी. दोन वर्षे ती सिद्धेश आणि माझ्यामध्ये निरोप्याचे काम करत होती आणि तिने एकही निरोप तिखटमीठ लावून पोचवला नाही. असा माणूस अंमलबजावणीला बरा.

कलम ३. आधीच्या मृत्युपत्रात सिद्धेशला का वगळले होते, ते इथे लिहून ठेवते. उद्या कोणी भलतेच सांगू नये.

२००३ साली कंपनीने मला चार वर्षांसाठी पर्थला पाठवले. सिद्धेश तेव्हा अकरा वर्षांचा होता. तिथे त्याला ऑस्ट्रेलियन फुटबॉलची गोडी लागली. अंडाकृती चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. परत आल्यावर इथे कोणाला तो खेळ माहीत नव्हता. शेवटी २०१३ साली सिद्धेशने आणि त्याच्या बाबांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कृष्णाने, मिळून क्लब काढला. आमच्याजवळून वाहणाऱ्या नदीवरून कृष्णाने नाव दिले, 'ब्राझोस बगळे'. ह्यूस्टनच्या आसपासच्या चार संघांची हौशी लीग, नऊ-नऊ जण, बायका-पुरुष एकत्र. कृष्णा गुण लिहायला बसायचा. त्याला खेळाचे नियम शेवटपर्यंत कळले नाहीत, पण गुण कधी चुकले नाहीत.

२०१९ साली कृष्णा गेला. त्यानंतर संघ उतरणीला लागला. कोणी नोकरीसाठी प्लेनोला गेले, कोणी अ‍ॅशबर्नला. राहिलेले थकले. दोन हंगाम आम्ही ओळीने अठरा सामने हरलो. लीगने पत्र पाठवले, पुढल्या वर्षी नऊ खेळाडू उभे करता आले नाहीत तर क्लब बंद. मॅनेजरचे काम कोणी घेईना, तेव्हा मी घेतले. गंजलेली लाइन दुरुस्त करताना मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारला होता. कुठला तुकडा कापायचा?

आमच्या लीगमध्ये दर जानेवारीत नवे खेळाडू नाव नोंदवतात आणि संघ पाळीपाळीने त्यांना निवडतात. शेवटच्या क्रमांकाच्या संघाची पाळी पहिली. या पाळीलाच पिक म्हणतात. संघ आपापसात खेळाडू आणि पिक यांची अदलाबदल करू शकतात. आमच्याकडे सगळ्यांत पहिला पिक होता. पण एका माणसाने संघ उभा राहत नाही. मला आणखी पिक हवे होते, आणि आमच्याकडे दुसऱ्या कोणाला हवासा वाटेल असा एकच खेळाडू होता. कॅप्टन सिद्धेश.

२०२३ च्या सुरुवातीला, जवळच्या केटी गावच्या संघाचे मॅनेजर राजेश टिकेकर यांना मी त्यांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर भेटले. सिद्धेशच्या बदल्यात त्या वर्षीचा आणि पुढल्या वर्षीचा त्यांचा पहिला पिक मागितला. राजेशनी हातातला कॉफीचा कप बाकावर ठेवला.

"शैलजाताई, घरी विचारलंय का?"

"विचारीन," मी म्हणाले. विचारले नाही.

नियमाप्रमाणे खेळाडूची सही लागते. सही केल्यावरही नकार द्यायला त्याला सात दिवस असतात. मी सिद्धेशला स्वयंपाकघरात बोलावले आणि कागद पुढे ठेवला. त्याने वरच्या दोनच ओळी वाचल्या.

"बाबांच्या क्लबमधून तू मला काढतेयस?"

"ट्रेड करतेय. तू हो म्हणालास तरच."

"फाइन. साइन कुठे करायची?"

त्याने उभ्या उभ्याच सही केली आणि चहा तसाच ठेवून गेला. सात दिवस मी वाट पाहिली की तो नकार देईल, भांडेल, दार आपटेल. त्याने काहीच केले नाही. तेव्हापासून एप्रिल २०२५ पर्यंत सिद्धेश माझ्याशी बोलला नाही. दिवाळीला यायचा, वीस मिनिटे बसायचा आणि जे सांगायचे ते हिमानीला सांगायचा.

पुढे लोकांनी मला बरीच चांगली कारणे बहाल केली. त्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते म्हणून केले असेल, बापाचे ओझे त्याच्या डोक्यावरून उतरवायचे असेल. यातले काहीही माझ्या मनात नव्हते असे नाही. पण खरे कारण हे की मला जिंकायचे होते. हे वाक्य मी आजवर कोणाला बोलले नाही. इथे लिहिते.

कलम ४. माझा पांढरा फळा, त्यावरची नावांची चुंबके, आणि प्रत्येक खेळाडूची माहिती लिहिलेल्या सात वह्या निधी खोब्रागडे हिला द्याव्या. क्लबने मान्य केले तर मॅनेजरचे कामही तिलाच द्यावे.

पहिल्या पिकला मी निधीचे नाव घेतले तेव्हा हॉलमध्ये हशा पिकला होता. तिच्या शेजारी, कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळलेले दोन धिप्पाड तरुण बसले होते, आणि मी निवडली चंद्रपूरहून पीएच.डी. करायला आलेली पाच फूट एक इंचाची मुलगी. पण मी तिला आदल्या आठवड्यात मैदानावर पाहिले होते. ती शाळेपासून खो-खो खेळलेली. तीन जण अंगावर आले तरी ती त्यांच्या हाती लागत नव्हती.

"मावशी, मला किक मारता येत नाही," ती म्हणाली होती.

"ती शिकवता येते," मी म्हटले. "निसटणं शिकवता येत नाही."

राजेशकडून आलेल्या पिकवर डॅरेल आला, शाळेत बँड शिकवणारा, सहा फूट पाच इंच. पुढल्या वर्षीच्या पिकवर आणखी एक जण. पहिल्या हंगामात आम्ही एक सामना जिंकलो, दुसऱ्यात चार. त्या पहिल्या हंगामातच केटीने आम्हाला एकसष्ट गुणांनी धुतले. सिद्धेशने पाच गोल केले आणि माझ्यासमोरून मान वर न करता गेला. आधीचे मृत्युपत्र त्याच आठवड्यातले.

कलम ५. माझे पितळी पुरणयंत्र आमच्या मराठी मंडळातल्या सौ. प्रतिमाताईंना द्यावे. ते सहा वर्षांपासून त्यांच्याकडेच आहे, तेव्हा उचलून नेण्याची गरज नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला "हिने पोटचा मुलगा विकला" असे त्या बोलल्या होत्या, मी दाराबाहेर चपला काढत असताना. मी आत जाऊन तिळगूळ घेतला आणि दिला. 'गोड बोला' हेही म्हटले. आता राग नाही. शब्द 'विकला' असा नको होता, एवढेच म्हणणे आहे. अदलाबदल होती.

कलम ६. या वर्षी मार्चमध्ये माझ्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीची नेमकी जागा सांगितली ती ऐकून मी गाडीत बराच वेळ एसी लावून बसून राहिले. सिद्धेशला सांगू नकोस, असे हिमानीला बजावले. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझे ऐकले नाही.

ऑपरेशनच्या सकाळी तो आला. हातात फुले नव्हती की काही नव्हते. खुर्ची ओढून बसला.

"आई, तू मला ट्रेड केलंस त्याचं मला वाईट नाही वाटलं."

"मग?"

"तू मला आधी विचारलं नाहीस. डायरेक्ट कागद समोर ठेवलास, जसा काही मी तुझ्या साइटवरचा व्हॉल्व्ह आहे."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"एक्झॅक्टली! आणि मग आपण भांडलो असतो. दोन दिवस. दोन वर्षं नाही, यार."

त्याने मला यार म्हटले हे त्याच्या लक्षातही आले नाही. मी म्हणाले, "चुकलं माझं." हे दोन शब्द बोलायला मला ऑपरेशनचा गाउन घालावा लागला. तो मग हळूच म्हणाला की केटीत त्याला कोणी कृष्णाकाकांचा मुलगा म्हणत नाही, कॅप्टन म्हणत नाही, सामना हरला तर फक्त सामना हरतो, आणि घरी जाऊन झोप लागते. "ते मला आवडलं. पण हे तुला सांगायचं नव्हतं."

गाठ साधी निघाली. चार दिवसांनी अहवाल आला तेव्हा सिद्धेशच पार्किंगमधून धावत वर आला. त्या गुडघ्यासह तीन मजले जिन्याने, कारण लिफ्टला वेळ लागत होता. "बिनाइन, आई, बिनाइन," एवढेच तो म्हणत राहिला. मी त्याला आधी पाणी प्यायला लावले. मग आम्ही दोघेही इतके हसलो की नर्स बघायला आली.

कलम ७. जूनमध्ये अंतिम सामना झाला. ब्राझोस विरुद्ध केटी. याबद्दल एक गोष्ट मला कायद्याच्या कागदावर नोंदवायची आहे.

शेवटच्या मिनिटाला आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. त्याआधीचा आमचा गोल निधीचा. सिद्धेशच्या काखेखालून ती निसटली होती. आता चेंडू सिद्धेशने उंच उडी मारून झेलला, त्यामुळे त्याला अडवणूक न होता एक लाथ मिळाली. समोर खांब, अंतर पस्तीस मीटर. मधून गेला तर केटी जिंकणार. अठरा सामने हरलेल्या संघाची मी मॅनेजर, आणि मला कळेना की काय व्हावे असे मला वाटते. मी डोळे मिटले नाहीत. चेंडू वळला, मधल्या उजव्या खांबाच्या किंचित बाहेरून गेला. एकच गुण. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. डॅरेलने मला उचलले. टाके नुकतेच भरले होते, तरी मी ओरडले नाही.

सिद्धेश सरळ माझ्याकडे आला, घामाने निथळत, रागाने लाल.

"आई, ती किक मी मुद्दाम नाही सोडली. ओके? असा विचार पण करू नकोस."

"नाही करत."

"आय वॉन्टेड टु विन."

"माहीत आहे," मी म्हणाले. "माझ्याकडूनच आलंय ते."

तेव्हा तो हसला आणि त्याने मला मिठी मारली. माझा नवा शर्ट चिखलाने भरला. तरी मी जाहीर करते की माझ्या मुलाने ती किक मुद्दाम सोडली नाही. माझ्या मागे कोणी याच्या उलट म्हटले तर त्याने हे कलम मोठ्याने वाचावे.

कलम ८. माझे हत्यारांचे पेटारे, मोठे पाने, गेज वगैरे, शहरातल्या सार्वजनिक तंत्रशाळेला द्यावेत. पान्यांवर माझे नाव कोरलेले आहे, ते घासून काढू नये. बावीस वर्षे साइटवर मी एकटी बाई होते आणि पाने रोज कोणीतरी उसने न्यायचे.

कलम ९. दहन इथेच करावे. अस्थी नागपूरला नेण्यासाठी कोणी रजा काढू नये. जेवण मात्र नीट ठेवावे, आणि भाषणे तीनच. सिद्धेशचे पहिले नको, तो रडेल आणि बाकीच्यांची पंचाईत होईल.

कलम १०. राजेश टिकेकर यांना मी काहीही ठेवलेले नाही. मोना म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. राजेशनी हे ऐकून सांगितले, "मग मला काही नको, मी साक्षीदार होतो." नुसती साक्षीदाराची सही करून जायला ते केटीहून अर्धा-पाऊण तास गाडी चालवत आले आहेत, आणि आतल्या खोलीत पोहे खात आहेत. शेजारच्या राधिकाही त्यांच्यासोबत बसल्या आहेत.

माझे तब्येतीचे कागद चांगले आहेत. डॉक्टरांनी पुढची भेट एकदम एप्रिलची दिली आहे. आणखी दोनतीन कलमे मनात होती. पण आज नव्या खेळाडूंचे शिबिर आहे, सिद्धेश केटीसाठी पाहणार आणि मी ब्राझोससाठी, आणि गाडी एकच आहे. वाटेत कोणाही खेळाडूचे नाव काढायचे नाही असे ठरले आहे. तो बाहेर हॉर्न वाजवतो आहे. दुसऱ्यांदा वाजवला. उठते.

सही : शैलजा कृष्णा वझलवार

वर सही करणाऱ्या बाईंनी आमच्यादेखत, हसत, आणि पूर्ण शुद्धीत सही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार :
१. राजेश टिकेकर, केटी, टेक्सास
२. राधिका सोमण, शुगर लँड, टेक्सास

स्थळ : शुगर लँड, टेक्सास
दिनांक : १८ ऑक्टोबर २०२५, शनिवार, सकाळी पावणेदहा