हिंगाची डबी

चि. सौ. राजसी,

सिलिअ‍ॅकच्या आजारामुळे तुला गव्हाचा कणही चालत नाही, म्हणून मी तवा वेगळा केला, घरात पोळ्याच बंद केल्या. तरी तुझं पोट बिघडतच राहिलं आणि पाचव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. ‘चोरून पाव खाल्ला असशील,’ असं मी चारचौघांत बोलले. तू बदलापूरला माहेरी गेलीस.

आज चष्मा लावून हिंगाची डबी वाचली. त्यात गव्हाचं पीठ असतं गं! तुला गॅस होऊ नयेत म्हणून मी रोज वरणात दुप्पट हिंग घालत होते.

हे पत्र मी टाकणार नाही. तुझ्या उन्मेषलाही सांगितलेलं नाही. मघाशी जेवताना तो म्हणाला, ‘आई, आज वरणाला वास कसा नाही?’

खाली ‘तुझी आई’ लिहिलं होतं, ते खोडलं.

कुंदा