लोटते का वढते

३ फेब्रु. अमरावती
जर्नलने पेपर स्वीकारला! गाईड सरांनी विभागभर पेढे वाटले. तीन वर्षं संगणकावर एकच खेळ: थेंबात हजारो जिवाणू पोहतायत, त्यांच्यामुळे भोवतीचं पाणी कसं हलतं? निष्कर्ष: पाणी घट्ट होतं. पीएच.डी.चा प्रबंधही यावरच. मार्चमध्ये दिला की सुटले एकदाची.

८ फेब्रु. बाळापूर
घरी. बाबा अकोल्याच्या बाजारासाठी शेवंती क्रेटमध्ये भरत होते. मी शेखी मिरवत जिवाणू समजावला.
"तो पाणी लोटते का वढते?"
"शेपटी मागे असते बाबा. ती फिरते, मागून लोटते."
"मंग तुह्या कम्प्युटरमंदी बी लोटूनच राह्यला असंन."
मी हो म्हणाले. मग नक्की आठवेना.
"काहून उठली वं?"
सकाळच्या पहिल्या एस.टी.ची वेळ बघायला.

९ फेब्रु. अमरावती
पहिल्या एस.टी.ने परत. संगणकातला जिवाणू ओढतोय! शेवाळाच्या काही पेशी पुढच्या शेपट्यांनी पाणी ओढतात; समीकरण त्यांच्या पेपरातून उचललं, चिन्ह उलटं करायचं राहिलं. एक वजा. तो घालून चालवलं तर पाणी पातळ होतं. तीनदा चालवलं. बावळट मी, बावळट.

११ फेब्रु.
सरांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं.
"एका वजाचं काय घेऊन बसलीस? कोण तपासून राह्यलं?"
"निष्कर्षच उलटा होतो सर."
मग, "मार्चअखेर मी रिटायर होतो. हा शेवटचा पेपर. तसाच जाऊ दे."
छपाईआधीचा मजकूर १४ पर्यंत तपासून पाठवायचाय.
बी.एस्सी.ला चिन्ह चुकलं की वहीवर लाल शाईने 'पुन्हा' लिहायचे, ते हेच सर. राग आला. रडूही.

१३ फेब्रु.
काहीच केलं नाही. नोंदणीची मुदत मार्चमध्ये संपते. प्रबंध नव्याने लिहायचा म्हणजे... आणि सर तोंड बघतील का माझं? भीती वाटते, बस.

१४ फेब्रु. दु. ३
संपादकांना मेल केली. चिन्ह चुकलंय, निष्कर्ष उलटा आहे, छापू नका. चूक माझी. प्रत सरांना.

३.१०
सरांचा फोन. वाजून थांबला.
पुन्हा वाजतोय. घेते.