खिडकीतला कढीपत्ता

आई,

"शिवलीस न्हवं? आता जळतंय बघ ते," तू म्हणाली होतीस. स्वयंपाकघराच्या खिडकीत, तेलाच्या रिकाम्या डब्यात तू कढीपत्ता लावला होतास. मी नववीत होते. पाळी आलेली असताना त्याची दोन पानं तोडली, एवढंच. थोड्याच दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग ती गळायला लागली. तू रागावली नाहीस. आल्यागेल्या बायकांना डबा दाखवायचीस आणि मग माझ्याकडे बघायचीस.

तू गेलीस त्याला माझ्या लेकीच्या वयाहून जास्त वर्षं झाली. माझ्या फ्लॅटच्या खिडकीतही आता कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता आहे. यंदा कढीपत्त्याच्या कडा तशाच तपकिरी व्हायला लागल्या. ऊन कमी पडतंय म्हणून कुंडी सरकवली. पाणी जास्त होतंय का, म्हणून मातीत बोट खुपसून पाहिलं. पानं उलटून कीड शोधली. भांडी घासायला येणाऱ्या मावशी साबणाचं पाणी तर ओतत नाहीत ना, म्हणून दाराआडून नजर ठेवली. आणि एका सकाळी लेक शाळेला निघालेली, बुटाची नाडी बांधतेय, आणि मी तिला विचारते, "पाळीत ह्याला हात लावलास का गं?"

"माझ्या हाताला काय ॲसिड आहे?" ती हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. "तू खरंच विचारतीस." त्या क्षणी मी तुझ्यासारखीच बघत असणार.

ती गेल्यावर कुंडी खाली उतरवली. मातीवर आणि काठाला पांढरा थर होता, पाणी तापवायच्या पातेल्यात बसतो तसा. बोट लावून चाटलं तर खारट. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते पिण्यापुरतं. झाडांना मी बोअरचंच घालत होते. आणि एकदम आठवलं, तुझ्या डब्याच्या काठालाही असाच पांढरा पट्टा होता. डब्याला खाली भोक होतं का गं? मला तरी आठवत नाही.

माती बदलली, कुंडीचं भोक मोठं केलं, तांदूळ धुतलेलं पाणी घालायला लागले. पोपटी फूट आली तेव्हा लेकीला हाक मारून दाखवली. "मग, मी सुटले का?" ती म्हणाली.

ती सुटली. पण तुझं बोलणं मला ऐकू येतंच. "पाणी तर आधीपासनं तेच हुतं की. मग इतकी वर्सं कसं जगलं?" खार हळूहळू साचतो, हे उत्तर मला माहीत आहे. तरीही माझ्या त्या दिवसांत मी कुंडीला हात लावत नाही. पाणी लेकीला घालायला सांगते, कारण सांगत नाही. तिला ते कळत असावं.

आज माझा दुसरा दिवस आहे. आमटीला फोडणी द्यायची आहे, फांदी हाताशी आहे, घरात कुणी नाही. तू म्हणणार नाहीस, ठाऊक आहे. तरी एकदा नुसतं "तोड" म्हण.