ठाण्यातलं पिस्तूल

त्सुकुबा, जपान

ती. बाबा,
नमस्कार. आम्ही बरे आहोत. लॅबच्या कामाने दमायला होतं, इतकंच. गुडघा कसा आहे?

दादा म्हणाला, निवडणुकीपुरतं पोलीस ठाण्यात जमा केलेलं तुमचं पॉइंट टू-टूचं पिस्तूल आता परत मिळेल. बाबा, आणू नका. तळहाताएवढं ते पिस्तूल तुम्हीच मला चालवायला शिकवलंत, विहिरीमागे डबे मांडून. तेव्हा भीती वाटली नव्हती. पण आई गेल्यावर तुम्ही घरात एकटे असता, आणि परवा फोनवर म्हणालात, "आता माझं काय उरलंय?" तेव्हापासून कामात लक्ष नाही.

परवाना रद्द करायचा अर्ज दादा लिहील. सही करवत नसेल, तर मी येईपर्यंत तरी ते ठाण्यातच राहू द्या. वीस तारखेचं तिकीट काढलंय.

तुमची,
अस्मिता